तलवारीच्या टप्प्यात उभं कसं राहायचं

प्रश्न वेंगुर्ल्याहून आलाय. विचारणारा मुलगा कॉलेजात आहे. ‘डार्क सोल्स’ आणि ‘एल्डन रिंग’ हे व्हिडिओ गेम पूर्ण केलेत, आणि आता ‘सेकिरो’ या तलवारबाजीच्या गेममध्ये अशिना किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो नावाच्या बॉसपाशी, म्हणजे मोठ्या शत्रूपाशी, अडकून पडलाय. तो लिहितो: “दादा, लांब असलो की मी ठीक असतो, जवळ गेलो की मरतो. एकदोन वार करून मागे पळतो, तोवर त्याचा पोश्चरचा बार परत रिकामा झालेला असतो. माझे रिफ्लेक्स स्लो आहेत का? नवीन कंट्रोलर घेऊ का?”

आधी रिफ्लेक्सचं सांगतो, कारण ही शंका डोक्यात असेपर्यंत बाकीचं काही आत शिरणार नाही. डोळ्यांना काही दिसलं आणि बोट हललं, यात साधारण माणसाला 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. तुला लागतात, मला लागतात, हा खेळ डोळे मिटून संपवणाऱ्यांनाही लागतात. गेनिचिरोचे मोठे वार येण्याआधी तो तलवार उचलतो, खांदा वळवतो, पाय मागे घेतो, आणि ही तयारी त्याहून बरीच जास्त वेळ चालते. म्हणजे वेळ तुझ्याकडे आहे. फक्त तो वेळ तू वार बघण्यात घालवत नाहीस, पळण्याची दिशा ठरवण्यात घालवतोस. कुडाळात माझ्याकडे खेळायला येणाऱ्या पोरांमध्ये ज्यांची बोटं सगळ्यांत चपळ, तीच गेनिचिरोपाशी सगळ्यांत जास्त दिवस अडकतात. याला कारण आहे, ते पुढे येईल.

तुझी खरी अडचण ‘सोल्स’ने लावलेल्या सवयीत आहे. तिथे स्टॅमिनाचा हिरवा बार असतो. वार केला की तो खर्च होतो, रोल केला की खर्च होतो, म्हणून माणूस आपोआप शिकतो: वार आला की त्यातून लोळण घ्यायची, एकदोन फटके मारायचे, लांब व्हायचं, बार भरू द्यायचा. तिथे ही शहाणपणाची गोष्ट आहे. ‘सेकिरो’मध्ये तो बारच नाही. तू दमत नाहीस. त्याऐवजी दोघांनाही पोश्चर, म्हणजे तोल दाखवणारा बार आहे, तुझा खाली मधोमध, बॉसचा वर मधोमध. तो भरला की तोल जातो, आणि बॉसचा तोल गेला की लाल ठिपका दिसतो आणि तू डेथब्लो, म्हणजे निर्णायक घाव, मारू शकतोस. त्याचं रक्त, म्हणजे लाइफचा बार, कितीही शिल्लक असो.

आता हा बार कसा उतरतो ते नीट बघ. बॉस मोकळा राहिला, त्याच्यावर दाब नसला, की त्याचं पोश्चर उतरायला लागतं. आणि त्याचं रक्त जितकं जास्त, तितकं ते भराभर उतरतं. रक्त कमी झालं की उतरणं मंदावतं. म्हणजे लढाईच्या सुरुवातीला तू दोन वार करून मागे पळालास, तर तुझी सगळी कमाई त्याला परत देऊन येतोस. तुला दिसतोय तो रिकामा बार हाच आहे. म्हणून सुरुवातीला त्याचं थोडं रक्त काढणं गरजेचं असतं, तेव्हा मिळेल तिथे उघडा वार घ्यायचा. रक्त अर्ध्याच्या आसपास आलं की लक्ष पूर्ण पोश्चरवर.

यातून निघणारी गोष्ट सुरुवातीला कुणालाच पटत नाही: या खेळात जवळ राहणं जास्त सुरक्षित आहे. गेनिचिरोपासून लांब गेलास की तो धनुष्य काढतो, बाण सोडतो, उंच उडी घेऊन अंगावर येतो. तलवारीच्या टप्प्यात राहिलास की तो बहुतेक वेळ तलवारच चालवतो, आणि तलवार तर तू अडवू शकतोस. लांबवर तुझ्याकडे पळण्यापलीकडे उपाय नाही, जवळ मात्र उपाय आहे. माझ्यासमोर कुणी बॉसभोवती गोल गोल धावायला लागला की मी एवढंच विचारतो, “कशाक पळतंस?” तुलाही तेच विचारतोय.

आता डिफ्लेक्ट, म्हणजे वार अचूक वेळी परतवणं. सगळा खेळ यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

गार्डचं बटण, पॅडवर डावीकडचं वरचं आणि माउसवर उजवं, दाबून ठेवलं तर तो ब्लॉक. वार लागत नाही, पण तुझं पोश्चर भरतं. तेच बटण वार अंगाला भिडण्याच्या अगदी आधी दाबलं तर तो डिफ्लेक्ट. तुझ्यावर फारच कमी भार येतो आणि त्याचं पोश्चर भरतं. म्हणजे तो तुझ्यावर वार करतोय आणि तोल त्याचाच जातोय. आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. तुझा बार काठोकाठ भरला असला, तरी अचूक डिफ्लेक्ट केलास तर तोल जात नाही. तोल जातो तो ब्लॉकवर. म्हणून बार लाल झाला की घाबरून पळू नको. पुढचा वार अचूक घे, किंवा एक पाऊल बाहेर पडून गार्ड धरून उभा राहा. गार्ड धरलेला असताना तुझं पोश्चर मोकळं उभं राहण्यापेक्षा लवकर उतरतं.

वेळ चुकवायचीच असेल तर लवकरच्या बाजूला चुकव. बटण जरा आधी दाबलं आणि धरून ठेवलं तर निदान ब्लॉक मिळतो, थोडं पोश्चर भरेल, जीव वाचेल. उशीर झाला तर तलवार अंगात. सारखा लवकर दाबतोस म्हणून स्वतःला बोल लावू नको, त्यातूनच वेळ बसत जाते. प्रत्येक वेळी उशीर होत असेल तर मात्र समज की तू वार दिसल्यावर दाबतोयस, वार कळल्यावर नाही.

आता चपळ बोटांची गोष्ट. गार्डचं बटण भराभर टकटक दाबत राहिलं तर एखादा डिफ्लेक्ट लागेलच, असं सगळ्यांना वाटतं. खेळ बनवणाऱ्यांनी याचा विचार आधीच करून ठेवलाय. एकामागोमाग दाबत गेलास की डिफ्लेक्टची खिडकी लहान होत जाते. थोडं थांबलास की ती परत पूर्ण उघडते. म्हणजे दाबण्याइतकंच न दाबणंही कामाचं. दर वाराला एकदाच दाब, वार तलवारीला लागेपर्यंत धर, सोड. दाब, धर, सोड. मी पोरांना सुरुवातीला वारांचा वेग विसरून एवढंच करायला लावतो.

जत्रेत दशावतार बघत मोठा झाला असशील. रात्री उशिरा युद्धाचा प्रसंग आला की पखवाज आणि झांज चढते, आणि दोन पात्रं तलवारी घेऊन एकमेकांवर फिरतात. वार तालावर येतो आणि अडवणाराही तालावरच हात उचलतो. समोरच्याच्या पात्यावर डोळे लावून तो बसत नाही. ‘सेकिरो’तल्या प्रत्येक शत्रूच्या वारांच्या साखळीला असाच ताल आहे. गेनिचिरोची ती लांबलचक साखळी आठव, ज्यात तो फिरत फिरत वारांचा पाऊस पाडतो. ती सलग एका वेगाने येत नाही. मध्ये थबकते, परत सुटते. ते थबकणं आहे तिथेच तुझं बोट आधी पडतं आणि पुढचं सगळं कोसळतं. साखळी पाठ करताना वार मोजू नको, थबकण्याच्या जागा लक्षात ठेव. पॅड बाजूला ठेवून मांडीवर बोटाने ठेका धरलास तरी चालेल. मी पोरांकडून हेच करून घेतो, आणि याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच गॅजेटने पडत नाही.

म्हणूनच आवाज बंद करून किंवा गाणी लावून हा खेळ खेळू नको. अचूक डिफ्लेक्टचा आवाज खणखणीत असतो आणि ठिणगी मोठी उडते. नुसत्या ब्लॉकचा आवाज दबका. डोळे बॉसवर असताना आपण बरोबर होतो की नाही हे कानच सांगतात. ब्लूटूथचे इअरफोन वापरत असशील तर आजच काढ आणि तारेचे लाव. ब्लूटूथवर आवाज थोडा मागून येतो, कधी कधी इतका मागून की तू ऐकतोयस तो आधीच्या वाराचा असतो. कान चुकीचं शिकले की बोटंही चुकीचं शिकतात.

डोळे कुठे ठेवायचे? तलवारीच्या टोकावर नाही. टोक सगळ्यांत वेगाने फिरतं आणि सगळ्यांत उशिरा सांगतं. छातीवर आणि खांद्यावर नजर ठेव. वार कुठलाही असो, खांदा आधी हलतो.

आता वार करण्याकडे वळू, कारण नुसतं अडवून लढाई लांबते. इथेही ऐकायचंच आहे. तू हल्ला केलास आणि बॉसने नुसता गार्ड धरला, तर आवाज दबका येतो. याचा अर्थ पाळी अजून तुझी आहे, मारत राहा. मग एका क्षणी तो तुझा वार अचूक परतवतो. खणखणीत आवाज, मोठी ठिणगी, तुझा हात किंचित मागे जातो. आता पाळी त्याची, त्याचा वार निघालेलाच आहे. तिथे हल्ल्याचं बटण सोडून गार्डवर बोट आणायचं. तू ‘एकदोन वार’ असं आधीच ठरवून जातोस, ते सोड. किती वार करायचे हे तो सांगतो. कधी दोन, कधी चार. त्याची पाळी संपली, त्याचा शेवटचा वार तू परतवलास, की लगेच तुझा वार. अशी देवाणघेवाण जमली की मागे पळायला जागाच उरत नाही, आणि पळावंसं वाटतही नाही.

लाल चिन्हाचे वार वेगळे. डोक्यावर लाल जपानी अक्षर चमकतं आणि विशिष्ट आवाज होतो. बहुतेक जण तिथे गोठतात. ते अक्षर एकच आहे, पण त्यामागे तीन वेगळे हल्ले असतात. तलवार किंवा भाला सरळ खुपसणं, खालून तुझ्या पायांवर हत्यार झाडणं, आणि दोन्ही हातांनी धरणं. अक्षराकडे बघून काही कळत नाही. ते फक्त एवढं सांगतं की साधा ब्लॉक चालणार नाही. कुठला हल्ला येतोय ते अंगाकडे बघूनच ठरवावं लागतं.

हत्यार मागे ओढून टोक तुझ्याकडे रोखलं, तर खुपसणं. याला मिकिरी काउंटर. स्टिक पुढे ढकलून किंवा मोकळी सोडून डॉजचं, म्हणजे झटकन सरकण्याचं बटण. तुझा माणूस त्याच्या हत्यारावर पाय देतो आणि त्याच्या पोश्चरचा मोठा तुकडा उडतो. मागे किंवा बाजूला डॉज केलास तर हे होत नाही. सुरुवातीला भीतीने सगळ्यांची स्टिक मागेच जाते. हे कौशल्य स्किल पॉइंट देऊन घ्यावं लागतं, आणि सुरुवातीचे पॉइंट इथेच घालावेत असं माझं ठाम मत आहे. खुपसणं डिफ्लेक्टही होतं, पण फायदा मिकिरीत जास्त.

अंग खाली झुकलं आणि हत्यार बाजूला गेलं, तर झाडणं. उडी मार, आणि हवेत असतानाच उडीचं बटण परत दाब, त्याच्या डोक्यावर पाय देता येतो. तिथेही पोश्चर भरतं. धरणं ना अडवता येतं ना परतवता येतं, बाजूला सरकायचं किंवा पळायचं. गेनिचिरोपाशी मुख्य गोंधळ पहिल्या दोघांतच होतो.

एक साधा उपाय आहे, लोक हसतात पण कर. हल्ला ओळखलास की मोठ्याने नाव घे. “खुपस!” “झाड!” “धर!” आधी बटण दाबायचं नाही, फक्त नाव घ्यायचं, मेलास तरी चालेल. नाव बरोबर येऊ लागलं की बोट आपोआप मागून येतं. सरावासाठी खेळातल्या जीर्ण मंदिराच्या आवारात हानबेई नावाचा माणूस बसलाय. तो मरत नाही, आणि तुझ्याकडून काही घेतही नाही. त्याच्याशी डिफ्लेक्ट, मिकिरी, उडी असा एकेक धडा वेगळा निवडता येतो. बहुतेक मुलं त्याला एकदा मारून पुढे जातात आणि विसरतात. रोज खेळ सुरू करताना आधी थोडा वेळ त्याच्यासमोर उभा राहा.

मग गेनिचिरोकडे जा आणि पहिल्या फेऱ्यांत हल्ल्याचं बटण दाबूच नको. जिंकायचं नाही, मरेपर्यंत फक्त परतवायचं. त्याचा वरचा बार तुझ्या एकाही वाराशिवाय चढताना दिसेल, आणि ते एकदा डोळ्यांनी बघितलंस की हा खेळ कशावर चालतो ते पटेल. मेल्यावर जवळचे अर्धे पैसे आणि पुढच्या स्किल पॉइंटसाठी जमलेला अर्धा अनुभव जातो, म्हणून सरावाआधी पैसे खर्च करून टाक. पूर्ण मिळालेला स्किल पॉइंट जात नाही.

त्याच्या लढाईबद्दल आणखी थोडं. उंच उडी मारून तो वरून आदळतो, त्यानंतर बहुतेकदा लाल चिन्ह येतं, आणि पुढे एकतर खुपसणं किंवा झाडणं. लोक आदळणं चुकवल्याच्या आनंदात असतात आणि पुढचा हल्ला खातात. आदळण्याला लढाईचा शेवट समजू नको, तिथून प्रश्न सुरू होतो. खुपसलंन तर तुझं नशीब, मिकिरी घे.

औषध पिण्याबद्दल: लांब पळून, वळून, निवांत प्यायला गेलास की तो बाण सोडतो. त्याचा मोठा वार नुकताच संपलाय, तो सावरतोय, त्या क्षणी जवळच उभं राहून पी. विचित्र वाटतं, पण तेच जास्त खात्रीचं.

दोन डेथब्लोंनंतर तो पडतो आणि तुला वाटतं झालं. मग तो चिलखत टाकून विजेसकट उठतो. इथे बरेच जण घाबरून जुन्या सवयीकडे परततात, पळायला लागतात. खरं तर हा भाग आधीच्यापेक्षा मोकळा आहे, खुपसणं आणि झाडणं दोन्ही ठळक येतात. तो उडी मारून तलवारीत वीज घेतो तेव्हा तूही उडी मार. वीज तुला हवेत लागली पाहिजे. पाय जमिनीला टेकायच्या आत हल्ल्याचं बटण दाब, ती वीज त्याच्यावरच परत जाते आणि तो काही क्षण थिजतो. जमिनीवर उभं राहून गार्ड धरलास तर मात्र मोठा मार बसतो. वार कधी करायचा याची घाई नको, उडी कधी मारायची तेवढं बघ.

तुझ्या माणसाच्या कृत्रिम हातात बसवायच्या हत्यारांचं थोडक्यात. ती उपयोगी आहेत, पण टेकू म्हणून. फटाके शत्रूला क्षणभर गोंधळवतात, घोड्यावरच्या ग्योबूसारख्या लढाईत आणि जनावरांवर फार चालतात. ढालवाल्यांना कुऱ्हाड, हवेत उडणाऱ्यांना शुरिकेन, म्हणजे फेकायची चकती. गेनिचिरोवर मी पोरांना सुरुवातीला काहीच वापरू देत नाही, कारण फटाक्याने जिंकलेली लढाई पुढच्या बॉसला कामाची नसते. तसं तू वापरलेस तरी पाप नाही. आणि किल्ल्यापर्यंत येताना वाटेत सोडलेले छोटे बॉस असतील तर परत जा. चार मणी जमले की रक्त आणि पोश्चर दोन्ही वाढतं, गोरडच्या, म्हणजे औषधाच्या भोपळ्याच्या, बिया खेळातल्या एमा या वैद्य बाईला दिल्यास की औषधाचे घोट वाढतात. या खेळात ‘सोल्स’सारखं तासन्‌तास शत्रू मारून लेव्हल वाढवायची सोय नाही, पण हे थोडं मिळतं आणि ते सोडू नये.

दोन-तीन जण एकदम अंगावर आले तर वर सांगितलेलं काहीच चालत नाही, आणि चालवायलाही जाऊ नको. ही एकास एकाची तलवारबाजी आहे. आधी लपूनछपून एकेक उचल, बरेच छोटे बॉसही मागून पकडले तर त्यांचा एक लाल ठिपका आधीच जातो. दिसलास तर पळ, त्यांना विसरू दे, परत ये. इथे पळण्याला माझी ना नाही.

आता कंट्रोलर. नवीन घेण्याआधी जुना तपास. आपल्या किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत पॅडचे कॉन्टॅक्ट लवकर खराब होतात. स्टिक आपोआप सरकायला लागते, गार्डचं बटण कधी लागतं कधी नाही, आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. बटण सावकाश अनेकदा दाबून बघ, स्क्रीनवर प्रत्येक वेळी गार्ड वर येतो का. येत नसेल तर पॅड बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने बटणाच्या फटी पूस, पूर्ण वाळू दे. स्टिक सरकत असेल आणि साफ करून थांबत नसेल तर दुरुस्ती किंवा नवा, त्याला तिसरा मार्ग नाही. पावसाळ्यात वापरून झाल्यावर पॅड झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव, टेबलावर उघडा टाकू नको.

टीव्हीवर खेळत असशील तर सेटिंगमध्ये गेम मोड चालू कर. तो नसताना टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात वेळ घालवतो, आणि काही टीव्हींवर हा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो. डिफ्लेक्टच्या खेळात ते खूप झालं. लॅपटॉपवर असशील तर ग्राफिक्स खाली आण पण फ्रेम्स 60 वर स्थिर ठेव. 60 ला एक फ्रेम सुमारे 17 मिलिसेकंदांची असते, 30 ला 33. त्याहून वाईट म्हणजे कधी 60 कधी 35, कारण तालच बदलत राहतो आणि बोटाला काही धरून ठेवता येत नाही. पानं सुंदर दिसली नाहीत तरी चालतील. मृग लागला की आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा डेस्कटॉप असेल तर लहानसा यूपीएस असू दे. खेळ आपोआप सेव्ह होतो, पण लिहीत असताना वीज गेली की फाइल खराब होण्याची धास्ती राहते.

हे सगळं ‘सेकिरो’पुरतं आहे का, असंही तुला वाटेल, कारण तू पुढे परत ‘एल्डन रिंग’कडे जाणार. खांद्याकडे बघणं, थबकण्याच्या जागा ओळखणं, पाळी कुणाची ते ऐकणं, हे सगळीकडे जातं. बटणं तेवढी जात नाहीत. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’त शत्रूच्या हत्याराप्रमाणे स्टान्स, म्हणजे पवित्रा, बदलावा लागतो, तलवारवाल्याला दगडाचा, ढालवाल्याला पाण्याचा, भालेवाल्याला वाऱ्याचा, दांडग्यांना चंद्राचा. तिथे ओळखण्याला जास्त महत्त्व, वेळेला थोडं कमी. ‘फॉर ऑनर’मध्ये समोर माणूस असतो आणि वार तीन दिशांतून येतो. माणूस फसवतो, सुरू केलेला वार अर्ध्यात सोडतो, तिथे नुसता ताल पाठ करून भागत नाही. ‘एल्डन रिंग’मध्ये तुला हाच डिफ्लेक्ट हवासा वाटला तर 2024 च्या ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ या जोडभागात डिफ्लेक्टिंग हार्डटिअर नावाची वस्तू आहे. ते औषधात घालून प्यायलास की अचूक वेळी धरलेला गार्ड तिथेही जवळपास असाच चालतो.

गेनिचिरो पडला की खेळ एकदम मोकळा होतो आणि बऱ्याच दिशा उघडतात. माझं ऐकशील तर आधी सेनपो मंदिराकडे जा, तिथे हात बसवायला वाव मिळतो. सन्कन व्हॅली नंतर. त्या दरीत गार्डियन एप नावाचं अवाढव्य वानर आहे, आणि तिथे मी आत्तापर्यंत सांगितलेलं थोडं बाजूला ठेवावं लागेल. ते जनावर आहे, त्याच्या हातात तलवार नाही, त्याच्या वारांना तलवारबाजाचा ताल नाही. पहिल्या भागात धावत राहा, तो आपटून सावरत असताना मार, फटाके वापर. दुसऱ्या भागात ते स्वतःचं डोकं एका हातात आणि तलवार दुसऱ्या हातात घेऊन उठतं, आणि मग परत आपला खेळ सुरू होतो. ते वरून तलवार आपटतं तो वार अचूक परतवलास की ते कोसळतं. तिथे मानेतला किडा ओढून काढायला कृत्रिम हाताचा भाला हाताशी ठेव. तो भाला किल्ल्याच्या परिसरातच मिळतो, तेव्हा दरीत उतरण्याआधी शोधून जीर्ण मंदिरातल्या शिल्पकाराकडून बसवून घे.